बर्फ जाड आहे, पण भार धरेल का?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत स्नोकाइटिंगची पत्रं बरीच आहेत, आणि त्यातली बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये गोठलेल्या तळ्यावर उतरू पाहणाऱ्यांची आहेत. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायांत स्की किंवा स्नोबोर्ड, कमरेला हार्नेस म्हणजे रुंद पट्टा, हार्नेसला अडकवलेला बार म्हणजे हातात धरायचा दांडा, आणि वीसेक मीटरच्या दोऱ्यांच्या टोकाला वाऱ्यावर उडणारी मोठी काइट, म्हणजे पतंग. ती ओढते आणि आपण घसरत जातो.

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. आपण आभाळातून पडतं त्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून होतं त्यालाही बर्फच म्हणतो. इथे मी पहिल्याला हिम म्हणणार आहे आणि दुसऱ्याला बर्फ. हिमाखाली डोंगर असतो, बर्फाखाली पाणी. पत्रांतला बराचसा घोळ हे दोन्ही एकच धरल्यामुळे झाला आहे.

ताई, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी मित्राकडे दक्षिण फिनलंडला जातोय. त्याच्या घराजवळच्या तळ्यावर अजून ४० सेंटिमीटर बर्फ आहे. त्यानं भोक पाडून मोजलाय. मासे धरणारे लोक रोज तिथे बसतात. बर्फाच्या जाडीच्या तक्त्यात तर १० सेंटिमीटरवर माणूस चालू शकतो असं दिलंय. मग ४० वर काइट लावायला काय हरकत आहे?

तुमच्या मित्रानं बरोबर मोजलंय, तक्ताही बरोबर आहे. तरी माझं उत्तर नको असंच आहे.

तो तक्ता कडक थंडीत नुकत्याच गोठलेल्या, काचेसारख्या स्वच्छ, टणक बर्फाचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा निसर्गसंपदा विभाग अशा बर्फावर पायी चालायला ४ इंच, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर जाडी सांगतो. हिम भिजून गोठलेल्या पांढऱ्या बर्फाला हीच जाडी दुप्पट धरायला सांगतो. एप्रिलच्या बर्फाला यातला कुठलाच आकडा लावता येत नाही.

तळं वरून खाली गोठत जातं, तेव्हा बर्फाचे स्फटिक उभे वाढतात, एकमेकांना चिकटलेल्या खांबांसारखे. पाण्यातले क्षार स्फटिकात मावत नाहीत, ते खांबांमधल्या सांध्यांत जाऊन बसतात, आणि क्षार असले की ती जागा बाकीच्या बर्फाआधी वितळते. जानेवारीत सूर्य खाली असतो आणि वर हिमाची चादर असते. ताजं हिम अंगावर पडलेलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतं, त्यामुळे खालच्या बर्फापर्यंत ऊन पोचतच नाही. एप्रिलमध्ये ती चादर गेली की ऊन बर्फात खोल शिरतं आणि सांधे उसवायला लागतं. जाडी तेवढीच राहते. वाळवी लागलेली तुळई बाहेरून जशी भक्कम दिसते, तसंच हे. तुमच्या मित्रानं तुळईची जाडी मोजली आहे.

असा बर्फ मी पहिल्यांदा हातात घेतला तो दिवस मला अजून आठवतो. काठाला तरंगणारा, विटेएवढा तुकडा होता. दोन्ही हातांत धरून मी तो उन्हाकडे केला, तर आत उभ्या बारीक रेघा दिसल्या. स्कीच्या काठीनं हळूच टोकलं. तो फुटला नाही, उलगडला. बोटाएवढ्या जाड आणि वीतभर लांब काचेच्या कांड्या हातमोज्यावरून घरंगळल्या, आणि खाली पडताना बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज झाला. हातात थोडं पाणी राहिलं. उरलेला बर्फ माझ्या पायांपासून तीन मीटरवर होता आणि दिसायला अगदी शाबूत होता. याला इंग्रजीत 'कँडल आइस' म्हणतात, मेणबत्त्यांसारखा सुटणारा म्हणून.

आणखी एक गोष्ट आहे. भर हिवाळ्यातला बर्फ बोलतो. थंडी वाढली की तो आक्रसतो, तडकतो, तोफेसारखा गडगडतो. नवख्याला त्या आवाजाची भीती वाटते, पण तो टणक बर्फाचाच आवाज असतो. एप्रिलचा बर्फ मुका असतो. त्याच्यात ताणच उरलेला नसतो, मग तडकायचं कशानं? तो एकदम खाली बसतो.

आता मासे धरणाऱ्यांबद्दल. ती माणसं बहुधा एकाच वाटेनं जातात, पुढे काठी आपटत जातात, आणि पोचल्यावर एका जागी बसतात. त्यांच्यामुळे तुम्हाला कळतं ते त्या वाटेबद्दल आणि त्या जागेबद्दल. काइटवर ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही. त्या वेगानं एका मिनिटात साडेसहाशे मीटरहून जास्त अंतर कापलं जातं. तेवढ्या पट्ट्यात ओढ्याचं तोंड येऊ शकतं, अरुंद खिंड येऊ शकते, पाण्याखालचा काळा खडक किंवा बेटाचं टोक येऊ शकतं. जिथे पाणी हलतं किंवा काळी वस्तू ऊन पिते, तिथे बर्फ आधी मरतो. लव्हाळ्याच्या झुडपांभोवती, धक्क्याच्या लाकडी खांबांभोवती तेच होतं. वर हिमाचा पातळ थर असेल तर हे काहीच दिसत नाही. धरणाचं तळं असेल तर काळजी आणखी, कारण पाणी सोडलं की काठाजवळचा बर्फ खाली आधार नसलेल्या छज्ज्यासारखा लोंबत राहतो.

आणि वारा. काइटवाल्याला हवा असतो तोच वारा एप्रिलच्या बर्फाचा काळ असतो. काठाचा बर्फ आधी वितळतो, मग मधली सगळी चादर सुटी तरंगते, आणि जोराचा वारा तिला एका काठाकडे रेटतो. तुम्ही ज्या काठावरून कोरड्या पायांनी उतरलात, परत येईपर्यंत तिथे पाच मीटर उघडं पाणी असू शकतं. कित्येक तळ्यांवरचा शेवटचा बर्फ असाच एका वाऱ्याच्या दुपारी काही तासांत मोडून नाहीसा होतो. म्हणजे ज्या दिवशी काइट लावावीशी वाटते, तो बर्फासाठी सगळ्यात वाईट दिवस असू शकतो.

तुमची तिकिटं काढून झालीत हे मला कळतं. पण त्या दिवसांत जमिनीवरच्या हिमाकडे जा. नॉर्वेत हार्डांगरविड्डाच्या पठारावर एप्रिलमध्येही हिम असतं आणि काइटवाले तिथे येतात. मात्र तिथेही हिमाखाली तळी लपलेली आहेत, तेव्हा नकाशावर ती आधी पाहून ठेवा. नकाशा वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या माणसाबरोबर जा.

काइट वरच्या बाजूला ओढते. मग बर्फावर आपलं वजन कमीच पडत असणार ना?

काइट ओढत असेल तेवढा वेळ, थोडंसं. तिचा ओढा तिरका असतो, वर कमी आणि पुढे जास्त. वारा पडला की सगळं वजन पुन्हा पायांवर येतं, आणि तेव्हा तुम्ही बहुधा काठापासून लांब, एका जागी उभे असता. उडी मारून खाली येताना तर वजनाच्या कितीतरी पट दणका बसतो. आणि वेग कमी करायला स्की कडेवर घेतली की सगळा भार त्या बारीक कडेवर येतो. हा हिशोब मनातून काढून टाका. मी हे बऱ्याच अनुभवी लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला काळजी वाटते.

बर्फ फुटून खाली गेलोच, तर काइटचं काय करायचं? ती धरून ठेवली तर तीच ओढून बाहेर काढेल असं एकानं सांगितलं.

या प्रश्नाचं उत्तर मी नीट देणार आहे, कारण मी त्यातून गेले आहे.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. सकाळी उणे ४ होतं, दुपारी अधिक ६. सकाळी उतरताना मी छोट्या पहारेनं बर्फ तपासला होता. पाच घाव घातले तरी पाणी लागलं नाही. त्या पाच घावांवर मी सहा तास विसंबून राहिले. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या एका टोकाला वळसा घालताना पुढचा बर्फ करडा दिसला. मला वाटलं, ढगाची सावली आहे.

तडकण्याचा आवाज आला नाही. आधी स्की अडखळल्या, ओल्या वाळूत अडखळाव्यात तशा. मग गुडघे, मग छातीपर्यंत पाणी. श्वास माझ्या ताब्यात राहिला नाही. उचक्या लागाव्यात तसा तो आपोआप आत येत होता, एकामागून एक, आणि ओरडायला हवाच उरत नव्हती. काइट अजून वर होती. तिनं मला पुढच्या कडेवर ओढलं. कड मोडली. पुन्हा ओढलं, पुन्हा मोडली. तीनदा असं झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझ्या स्कीच्या खुणांपासून लांब चालले आहे, जिथे बर्फानं मला आताच धरलं होतं तिथून. काइट ओढणार ती वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे बहुतेक वेळा न तपासलेल्या बर्फाकडे. भार धरलेला बर्फ असतो मागे. ज्यांना काइटनं ओढून बाहेर काढलं असे लोक आहेत, मला भेटलेही आहेत. त्यांच्या पुढची कड टिकली, एवढंच त्यावरून कळतं. माझी टिकली नाही.

म्हणून काइट सोडायची. आधी बार सोडा, म्हणजे ओढा कमी होतो. मग क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सोडायची कळ, ढकला, काइट कोसळते आणि फक्त सेफ्टी दोरीवर राहते. पण जोराच्या वाऱ्यात पडलेली काइटही ओढत राहते, तेव्हा ती दोरीही सोडा. काइट गेली तर जाऊ दे. मला पहिल्या प्रयत्नात क्विक रिलीज सापडलाच नाही, जाड हातमोज्यात बोटं चाचपडत होती. तेव्हापासून मी दर मोसमाच्या सुरुवातीला डोळे मिटून, हातमोजे घालून तो वीसदा सोडते. दोऱ्या पाण्यात सैल पडल्या की पायांत गुंततात, म्हणून हार्नेसला दोरी कापायची आकडेरी सुरी हवी.

बर्फाच्या पाण्यात पडल्यावर वेळेचा हिशोब कसा असतो, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सोप्या शब्दांत बसवून दिलं आहे: १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय ऐकतात तेवढी. आणि बेशुद्ध व्हायला साधारण १ तास. लोकांना वाटतं थंडीनं माणूस पाच मिनिटांत जातो. तसं नाही. जातात ते बहुतेक पहिल्या मिनिटात घाबरून पाणी ओढल्यामुळे, किंवा नंतर हात निकामी झाल्यामुळे. हे मला आधी ठाऊक होतं. त्याप्रमाणे मी ते पहिलं मिनिट नुसती तरंगत राहिले असते, तर बरं झालं असतं. काइटनं राहू दिलं नाही. ती सोडायला लावणारं हेही एक कारण.

श्वास बसला की तोंड आल्या दिशेला करा. पडताना माझी एक स्की सुटली होती, दुसरी मी बुटाच्या टोकानं दाबून काढली. मग पोहताना मारतो तसे पाय मारत अंग पाण्याच्या पृष्ठभागावर आडवं आणायचं आणि बर्फावर सरकायचं. उभं राहून हातांनी वर चढायला जाल तर कड मोडेल. आइस पिक म्हणजे मुठीत धरायचे दोन टोकदार खिळे, दोरीनं जोडलेले. ते बर्फात रोवत पुढे जायचं. माझ्या पुढचा बर्फ दोनदा मोडला, तिसऱ्यांदा धरला. उभं न राहता लोळत लोळत मी माझ्या खुणांवर आले. माझी जोडीदार पोटावर झोपून दोरी फेकायला तयार होती, पण जवळ आली नाही, हे तिनं फार बरोबर केलं.

पिक गळ्यात होते ते तिच्यामुळेच. सकाळी मी ते बॅगेत टाकत होते, तेव्हा तिनं हात धरला आणि म्हणाली, "अगं, गळ्यात घाल. माझ्यासमोर घाल." त्या पाण्यात बॅगेची चेन उघडणं मला शक्यच नव्हतं.

बाहेर येता येत नसेल तर दोन्ही हात बर्फावर लांब टाकून स्थिर राहा. थंडी शून्याखाली असेल तर ओल्या बाह्या बर्फाला गोठून चिकटू शकतात आणि शुद्ध गेली तरी तोंड पाण्याबाहेर राहतं. तो तास मदत येण्यासाठी असतो. मदतीचा नंबर युरोपात ११२, उत्तर अमेरिकेत ९११. फोन जलरोधक पिशवीत, अंगावर ठेवा.

स्की बरी की स्नोबोर्ड?

हिमावर तुमची आवड. खाली पाणी असेल तर स्की. बोर्डवर दोन्ही पाय पट्ट्यांनी एकत्र जखडलेले असतात, पाय मारता येत नाहीत, आणि गार पाण्यात वाकून पट्टे सोडवणं फार अवघड असतं.

भल्या सकाळी, बर्फ पुन्हा कडक असताना काइट लावून दहाच्या आत परतलं तर? आमच्याकडच्या तळ्यावरची डबकीही आता आटली आहेत, वर सगळं पांढरं आणि कोरडं दिसतं.

तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यानं मला जास्त धास्ती वाटली. डबकी आटली नाहीत, ती खाली गेली आहेत. बर्फावर पाणी साठून राहतं तोवर त्याला आरपार वाटा नसतात. ते एका रात्रीत नाहीसं झालं की बर्फाची चाळण झाली आहे असं समजा. मग वरचा भाग हवेनं भरतो, पांढरा आणि कोरडा दिसतो, आणि लोकांना वाटतं की बर्फ सुधारला.

सकाळबद्दल: रात्री आभाळ स्वच्छ असेल आणि कडक थंडी पडली असेल, तर वरचे काही सेंटिमीटर पुन्हा सांधले जातात. ढगाळ रात्री तेही होत नाही. वरचं कवच टणक आणि खाली सुटे खांब, असा तो बर्फ असतो. पहाटे त्यावर चालत जाणारी माणसं आहेत. ती हातात काठी घेऊन, प्रत्येक चार पावलांवर ठोकत जातात. स्टॉकहोममध्ये १९०१ साली स्थापन झालेला एक क्लब आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'शीड धरून स्केटिंग करणाऱ्यांचा क्लब' असा होतो. तळ्यांच्या बर्फावर वाऱ्यानं जायची हौस एवढी जुनी आहे. अशा लोकांकडे बर्फ टोचायची काठी, पिक, फेकायची दोरी आणि कोरड्या कपड्यांची बंद पिशवी असणं हे बूट असण्याइतकं गृहीत असतं. काइटवर दोन्ही हात बारवर असतात, काठी कोण धरणार? आणि वारा सकाळी बहुतेक नसतोच. तो अकरानंतर उठतो, तुम्ही थोडं थांबता, आणखी एक फेरी होते. मी तशीच थांबले होते.

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. शिकायला बाहेरदेशी असतो आणि तिथे हा खेळ खेळतो. परवा फोनवर म्हणाला, मोसम संपत आलाय, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तळ्यावर जाऊन घेतो. मला यातलं काहीच कळत नाही. रागावले तर तो सांगायचंच बंद करेल. त्याला नेमकं काय विचारू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही रागावू नका, हे बरोबरच आहे. त्याच्या खेळाबद्दल विचारा, तो सांगेल, कारण या खेळातल्या माणसाला त्याबद्दल बोलायला फार आवडतं.

त्याला विचारा, की तळ्यावरचं हिम गेलं का? गेलं असेल आणि बर्फ काळपट किंवा करडा दिसत असेल, तर त्याला सांगा की डोंगरावर जा, मोसम तिथे अजून आहे. ही एकच गोष्ट त्यानं ऐकली तरी पुरे. विचारा, बरोबर कोण आहे, आणि त्या माणसाकडे दोरी आहे का? एकटा जाणार असेल तर नको म्हणा, तिथे मात्र ठाम राहा. पाण्याला अडवणारा ड्रायसूट आणि तरंगवणारं जॅकेट आहे का, हेही विचारा. तो म्हणेल, आई, हे तुला कुठून कळलं? सांगा, मासिकात वाचलं.

परतायची वेळ त्याच्याकडून घड्याळात मागून घ्या. "दुपारपर्यंत" असं नको, "साडेदहाला बर्फावरून उतरलो असेन" असं हवं. आणि साडेदहाला त्याचा निरोप आला पाहिजे. नाही आला तर कोणाला फोन करायचा, तो नंबर त्यानंच तुम्हाला आधी द्यायचा.

शेवटी विचारा, आइस पिक कुठे आहेत? तो म्हणेल, आहेत गं, बॅगेत. मग म्हणा, व्हिडिओ कॉल लाव आणि माझ्यासमोर गळ्यात घाल.